उजव्या चाकाचा पाइप

सून : फिरला. बाबा, नट फिरला.

सासरे : नट फिरला की पाइप फिरला, ते बघ आधी.

सून : दोन्ही फिरतायत.

सासरे : मग थांब. हात काढ. नट पाइपावर गंजून बसलाय. तो फिरताना पाइपालाही पिळून घेऊन जाईल. आणि ब्रेकचा लोखंडी पाइप पिळला की तुटला. मग पार पेडलपर्यंत नवा टाकत बसावं लागेल.

सून : जोर लावू नको, सोडूही नको. मग काय, समजूत काढू त्याची?

सासरे : समजूतच काढायची. ब्रशने घासलंस ना सगळीकडून? आता पुन्हा तेल सोड. पुढून नको, मागून. पाइप नटात शिरतो ना, त्या फटीत. हां. आता लहान हातोडी घे आणि नटावर वाजव. ठोकायचं नाही. कोणाचं दार वाजवतो तसं.

सून : वाजवतेय. आतून कोणी ओ देत नाही.

सासरे : असलं बोलू नकोस. या गाडीपाशी तरी नको.

सून : मी आपली नेहमीसारखी बोलले.

सासरे : ठाऊक आहे. तरी नको.

सून : बरं. किती वेळ वाजवू?

सासरे : तेल आत जाईपर्यंत. ते त्याच्या चालीने जाणार. माझी बोटं धड असती तर तुला असं चाकाच्या खोबणीत डोकं घालून बसवलं नसतं.

सून : बोटं धड असती तर तुम्ही मला पाना दिला नसता. बाजूला हो म्हणाला असता. चौकातल्या गॅरेजवाल्याला बोलवू म्हटलं तर तेही नको.

सासरे : या गाडीला आता परक्याचा हात नको. कालव्यातून ओढून काढली तेव्हा अख्ख्या गावाचे हात लागलेत तिला. तेवढे पुरे.

सून : मग विकायची म्हणून सरळ करून का आणली? गिऱ्हाईक दारात आलं की तुम्ही आत जाऊन पांघरूण घेऊन पडायचात. मी उन्हात उभी राहून सांगायची, सासऱ्यांना बरं नाही, नंतर या.

सासरे : बरं नसायचंच मला.

सून : हो. गिऱ्हाईक गेलं की चहा मागायचात.

सासरे : तू मला आता एक सांग. ताडपत्री काढलीस कधी, बॅटरी आणलीस कधी, जुनं पेट्रोल उपसलं कोणी, मला काही म्हणजे काही कळलं नाही. आज सकाळी एकदम समोर येऊन म्हणतेस, बाबा, ब्रेक सुटत नाही. उभ्या गाडीचा ब्रेक सुटत नाही हे तुला कसं कळलं?

सून : काल घेऊन गेले होते.

सासरे : कुठे?

सून : तुम्ही दुपारचे झोपला होता तेव्हा.

सासरे : कधी नाही विचारलं. कुठे विचारलं.

सून : वळणावर.

सासरे : कालव्याच्या?

सून : हो.

सासरे : कशाला गेलीस तिकडे?

सून : ते नंतर सांगते. आधी झालं काय ते ऐका, म्हणजे ब्रेकचं तुम्हाला कळेल. तिथवर गाडी अगदी गुणी वागली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, लख्ख ऊन. वळण दिसलं तसा मी ब्रेक दाबला, भीत भीत, नवशिक्या दाबतात तसा. गाडी जराशी डावीकडे ओढली, मी सावरली. मग पाय काढला. तर गाडी सुटेचना. इंजिनाला जोर दिला, ते कण्हायला लागलं, गाडी जागची हलेना. बरोबर तिथेच, बाबा. तो नवा कठडा बांधलाय ना, त्याच्यासमोर. मी खाली वाकून पाहिलं. पेडल वर आलेलं. माझे दोन्ही पाय बाजूला. आणि तरी ब्रेक दाबलेला. काहीतरी जळाल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं, माझ्या पायाशेजारी अजून एक पाय आहे. आणि तो जिवाच्या आकांताने दाबतोय.

सासरे : मग?

सून : मी बोलले त्यांच्याशी. वेडी म्हणा हवं तर. म्हटलं, अहो, सोडा आता. मी आहे. बाजूने एक सायकलवाला गेला, त्याने वळून वळून पाहिलं, तरी बोलतच होते. आपल्या चिमीचे पुढचे दात पडलेत हेसुद्धा सांगितलं. किती वेळ गेला देव जाणे. मग चाकापाशी कट् असा आवाज झाला आणि गाडी आपोआप पुढे सरकली.

सासरे : आपोआप म्हणजे?

सून : उतार आहे तिथे. पण सोडलं कोणीतरी, बाबा. मी नाही सोडलं.

सासरे : घरी आल्यावर चाकाला हात लावून बघितलास?

सून : बघितला. हेच, उजवं. हात ठेववत नव्हता. बाकीची गार.

सासरे : हं.

सून : हं म्हणजे काय?

सासरे : हं म्हणजे हं. पाना लाव. आधी किंचित आवळ, मग सोड. जाम झालेला नट आधी त्याच्या मनासारखा फिरवायचा.

सून : आवळला. सोडतेय... घसरला. बाबा, कोपरे गेले नटाचे. पाना धरतच नाही.

सासरे : लागलं का?

सून : साल गेलंय जरासं. नट बघा ना, गोल गोटी झालाय.

सासरे : हात पूस आधी, ब्रेक ऑइल लागलं जखमेला तर झोंबेल. मग ती दातांची पक्कड घे, चाप लागणारी. नटावर घट्ट आवळून चाप लाव. फिरवायची नाही, नुसती धरायची. आता नटाला हातच लावायचा नाही आपण. रबरी पाइप काढून टाकायचाय ना आपल्याला? मग तोच फिरवायचा.

सून : तो कसा फिरणार? दुसरं टोक चाकाला अडकलंय.

सासरे : काप त्याला. मधोमध. नवा आणलेला आहेच. कापला की ते आखूड टोक राहील, त्याच्यावर रिंग पाना वरून उतरेल, चहूबाजूंनी धरेल. नट जागेवर, पाइप जागेवर, रबराचं टोक तेवढं निघून येईल. खाली ताट सरकव, तेल सांडेल. आणि सावकाश, करवत उडू देऊ नकोस.

(करवतीचा आवाज येत राहतो, मग थांबतो.)

सून : कापला. बाबा, हे बघा. हे असं असतं का?

सासरे : उजेडात आण. माझ्या डोळ्यांपाशी नको, दूर धर. आणखी दूर.

सून : बाहेरून धड आहे. एक चीर नाही. आतून बघा. भोकच नाही.

सासरे : आहे. सुईच्या नेढ्याएवढं आहे. आतलं रबर सुजलंय आणि त्याचं साल सुटून आडवं पडलंय. फुंकून बघ. आधी फडक्याने पूस. तोंडात जाऊ देऊ नकोस, विषारी असतं. हां, फुंक.

सून : जात नाही. थोडं... नाही जात.

सासरे : आता उलट बाजूने.

सून : अजिबात नाही.

सासरे : हा घे तुझा पाय. पेडल दाबलं की तेल रेटून या नेढ्यातून जातं चाकाकडे. पाय काढला की तेलाने परत यायला हवं, तर हे साल दारासारखं लागतं. तेल चाकापाशीच कोंडून राहतं, ब्रेक धरलेलाच राहतो. मग हळूहळू पाझरतं आणि सुटतो. कट् करून.

सून : म्हणजे काल तिथे कोणी नव्हतं.

सासरे : रबर होतं.

सून : मला हायसं वाटायला हवं ना?

सासरे : वाटत नाही का?

सून : नाही. वाईट वाटलं. रात्रभर मी त्यावरच तर निजले होते. की तिथे आहेत, आणि माझं ऐकलं त्यांनी.

सासरे : रिंग पाना घे. बारका नव्हे, मोठा. उतरव त्या टोकावर. पक्कड डाव्या हाताने दाबून धर, उजव्याने पाना ओढ. झटका द्यायचा नाही.

सून : कुरकुरतंय.

सासरे : कुरकुरू दे. बोलतंय म्हणजे सुटतंय.

सून : आलं. फिरलं. पाइप जागेवर आहे, बाबा. पिळला नाही.

सासरे : शाब्बास. हाताने काढ आता. आणि पाइपाच्या तोंडाला ते रबरी टोपण लाव, नाहीतर सगळं तेल गळून जाईल.

सून : लावलं. आता नवा चढवायचा?

सासरे : थांब जरा.

सून : काय झालं? पाणी आणू का?

सासरे : नको. मला एक सांग. काल ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढली म्हणालीस.

सून : जराशी.

सासरे : तू हळू दाबलास म्हणून जराशी. हळू दाबलं तर या नेढ्यातून थोडं तरी तेल जायला वेळ मिळतो. पण समजा कोणी वेगात आहे. समोर काहीतरी आडवं आलं, आणि त्याने एकदम पूर्ण दाबला...

सून : तर?

सासरे : तर उजव्या चाकाला तेल पोचणारच नाही वेळेत. डावं एकटंच धरणार.

सून : आणि गाडी डावीकडे फिरणार.

सासरे : फिरणार म्हणजे, हिसका देऊन नेणार. स्टिअरिंग हातात राहत नाही.

सून : बाबा, रेघ एकच होती.

सासरे : हो.

सून : रस्त्यावर. डाव्या चाकाची. ते चौकशीला आलेले साहेब तिच्याशेजारी उभे राहून सगळ्यांना सांगत होते. ब्रेक मारला असता तर दोन चाकांच्या दोन रेघा उठल्या असत्या. ही वळवताना चाक घासल्याची आहे. माणसाने हाताने गाडी कालव्यात घातली. मी तिथेच होते. कोणी मला बाजूलाही घेतलं नाही.

सासरे : मीही होतो.

सून : तुम्ही मान हलवलीत.

सासरे : मला काय सुचत होतं तेव्हा. कोणीही काहीही म्हटलं असतं तरी मान हललीच असती.

सून : मी ती मान बघितली, बाबा. आणि तेव्हापासून मला वाटत आलं की तुम्ही मलाच बोल लावता. की घरात काहीतरी घडलं असणार, हिने काहीतरी केलं असणार, म्हणून माझा मुलगा असा गेला. तोंडाने कधी बोलला नाहीत. पण त्या दिवसापासून या घरात त्यांचं नाव नाही. ताटावर बसल्यावर त्यांची जागा सोडून बसायचं, आणि ती कोणाची जागा ते म्हणायचं नाही.

सासरे : मला उलटं वाटायचं.

सून : काय उलटं?

सासरे : की तुला ठाऊक आहे. त्याच्या मनात काय होतं ते तुला ठाऊक आहे आणि म्हाताऱ्याला सोसणार नाही म्हणून तू गिळून बसलीयस. त्याची नोकरी सुटलेली, गप्प गप्प असायचा. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्हणून विचारलं नाही.

सून : मला काही ठाऊक नव्हतं.

सासरे : चिमी तर तेव्हा रांगत होती. तिच्याकडे बघून वाटायचं, असा कसा जाईल हा? मग पुन्हा ती रेघ डोळ्यांपुढे यायची.

सून : चिमीसाठीच गेले होते मी काल.

सासरे : म्हणजे?

सून : परवा शाळेतून आली ती दप्तरासकट कपाटामागे जाऊन बसली. जेवायला उठेना. शेवटी मीच कपाटामागे बसले तिच्याशेजारी, तेव्हा हळूच विचारलं, आई, बाबा मुद्दाम गेले का? वर्गातल्या कोणीतरी सांगितलं तिला. त्या पोरीच्या घरी बोलणं झालं असेल. मी नाही म्हटलं. पण ते नाही असं फुसकं निघालं तोंडातून की तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे विचारलंच नाही. तुमच्याकडे बघते ना, तशी. म्हणून म्हटलं, एकदा जाऊन बघू. तिथे त्यांच्या जागेवर बसून बघू, काही कळतं का.

सासरे : मला सांगायचं नाहीस?

सून : सांगितलं असतं तर तुम्ही पांघरूण घेऊन पडला असता.

सासरे : पडलो असतो.

सून : आता तिला सांगू ना मी?

सासरे : ऐक. मी आयुष्यभर गाड्या उघडल्यात, खोटं बोलणार नाही. आज हा पाइप बंद आहे, हे खरं. त्या दिवशीही इतकाच बंद होता का, ते मला शपथेवर सांगता येणार नाही. नंतर गाडी उभी राहिली, तेवढ्यातही रबर खराब होतं. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे तेव्हा कोणी कापून बघितलं नाही. मी तरी बघायला हवं होतं, या हातांनी...

सून : ते नका सुरू करू. आज नको.

सासरे : बरं.

सून : मला शपथ नकोय, बाबा. असं झालं असेल, एवढं तरी म्हणता येईल ना?

सासरे : असं झालं असेल नाही. असंच झालं असणार. एकच रेघ आणि हे रबर, दोन्ही एकाच गाडीचं आहे. तिला मी सांगतो. तो कापलेला तुकडा पुसून ठेव. तिच्या हातात देईन आणि फुंकायला सांगेन.

सून : विषारी असतो म्हणालात.

सासरे : धुऊन देईन गं. चल, नवा पाइप घे. आधी हाताने चढव, पाना नको. आटे सरळ लागले की हातानेच फिरतो. अडला तर काढून पुन्हा लाव. तो नट गोटी झालाय तेवढा आज चालवून घेऊ, पण तो आणि त्याचा पाइप दोन्ही बदलायचे. तोवर गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

सून : हो. लागला. सरळ जातोय. खालचं टोकही बसलं. पीळ पडला नाही ना बघा.

सासरे : रबरावरची पांढरी रेघ सरळ दिसतेय ना? मग नाही पडला. आता हवा काढायची. डबीत तेल भर. चाकापाशी हवा सोडायचा तो छोटा निपल आहे, तो तू उघडायचास. आणि आत बसून पेडल दाबायला कोणीतरी हवं.

सून : कोणीतरी म्हणजे तुम्ही. इथे आपण दोघंच आहोत.

सासरे : मी निपल उघडतो. तू बस आत.

सून : बोटं वळत नाहीत म्हणून तर मी सकाळपासून इथे बसलेय. पायाला काय झालंय तुमच्या?

सासरे : पायाला काही झालं नाही.

सून : मग बसा, बाबा. मी बसले काल. बसता येतं.

सासरे : दार उघड.

सून : डोकं सांभाळा. असे. बसलात?

सासरे : सीट किती मागे आहे ही. माझा पाय पुरत नाही.

सून : ते उंच होते.

सासरे : हो, होता उंच. माझ्याहून हातभर. तू काल पुढे नाही घेतलीस सीट?

सून : पाठीला उशी लावून बसले. सरकववेना मला.

सासरे : दे ती उशी.

सून : ही घ्या. दाबा आता दोन-तीनदा, मग दाबून धरा.

सासरे : धरलं.

सून : उघडतेय. बुडबुडे आले. तुमचं पेडल?

सासरे : पार तळाला गेलं.

सून : तसंच ठेवा. बंद केलं. आता सोडा. पुन्हा.

सासरे : धरलं. ऐक, एक विचारू?

सून : धरून विचारा. उघडतेय.

सासरे : त्या दिवशी सकाळी निघताना तो काय म्हणाला?

सून : सोडा. पुन्हा दाबा.

सासरे : सांगायचं नसेल तर राहू दे.

सून : तसं नाही. मला कोणी कधी विचारलंच नाही हे. सांगण्यासारखं काही नाही त्यात. पायात बूट घालत होते, चिमी माझ्या कडेवर होती. म्हणाले, पाण्याची मोटर लावून ठेवलीय, टाकी भरली की बंद कर.

सासरे : आणि?

सून : एवढंच. आणि दार ओढून घेऊन गेले.

सासरे : मग केलीस का बंद?

सून : कुठली. तेवढ्यात ती माणसं आली सांगायला, आणि मी तशीच धावले. आपण सगळे परत आलो तेव्हा टाकी वाहून वाहून अंगणभर पाणी झालं होतं. लोक पाण्यात उभे होते आणि मोटर चालूच होती. कोणालाच सुचत नव्हतं.

सासरे : मग बंद कोणी केली?

सून : तुम्ही केलीत, बाबा.